चुकलेल्या आकड्यातून सापडलेला जड हायड्रोजन: एका वस्तुमान-मोजणीचे प्रकरण

१९२७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून फ्रान्सिस ॲस्टन यांनी हायड्रोजनच्या अणूचे वस्तुमान जाहीर केले: १.००७७८. रसायनशास्त्रज्ञांकडे हायड्रोजनचा आकडा आधीपासून होताच: १.००७७७. ॲस्टन यांनी विद्युतभारित अणू चुंबकीय क्षेत्रातून वळवून मोजले होते. रसायनशास्त्रज्ञांनी वायूंच्या घनता मोजल्या होत्या आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचे पाणी करून त्याचे वजन घेतले होते. दोन पद्धतींत एकही पायरी सामाईक नाही, तरी उत्तरातला फरक पाचव्या दशांश स्थळी फक्त एकाचा. इतकी सुरेख जुळणी पाहून शंका घेणारा माणूस विक्षिप्तच ठरला असता.

चार वर्षांनी याच जुळणीवर शंका घेतली गेली, आणि त्या शंकेतून विसाव्या शतकातला एक मोठा शोध लागला. आणखी चार वर्षांनी कळले की शंका ज्या आकड्यांवर उभी होती तेच चुकीचे होते. अणूचे वस्तुमान मोजतात म्हणजे नेमके काय करतात, हे समजून घ्यायला मला तरी याहून चांगले प्रकरण माहीत नाही.

मोजायचे कसे

अणू पारड्यात टाकून कोणी तोलत नाही. हायड्रोजनचा एक अणू साधारण १.६७ × १०⁻²⁷ किलोग्रॅमचा. हा आकडा उपयोगाचा असला तरी मोजणीची सुरुवात तिथून होत नाही. मोजले जाते ते गुणोत्तर: हा अणू त्या अणूच्या किती पट. 'तो अणू' कोणता हे आधी ठरवावे लागते. त्या काळी ऑक्सिजन बरोबर १६, असे ठरलेले होते.

रसायनशास्त्रज्ञांची पद्धत कष्टाची, पण सरळ. एडवर्ड मॉर्ली यांचे १८९५ चे काम तिचा आदर्श मानले जाई. अत्यंत शुद्ध हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार करायचे, त्यांच्या घनता काढायच्या, ठराविक वजनाचा हायड्रोजन किती वजनाच्या ऑक्सिजनशी संयोग पावतो ते पाहायचे आणि तयार झालेले पाणीही तोलायचे. मॉर्ली यांना ऑक्सिजन हायड्रोजनच्या १५.८७९ पट भरला. पुढच्या निरीक्षकांनी आकडा थोडा सरकवत १.००७७७ पर्यंत आणला. इथे तोलला जातो तो बाटलीभर वायू, म्हणजे अब्जावधी अब्ज अणूंची सरासरी. त्यात सगळे अणू सारखे आहेत की दोन जातींची सरमिसळ आहे, हे तराजूला कळायला मार्ग नाही.

ॲस्टन यांच्या यंत्राचे, म्हणजे मास स्पेक्ट्रोग्राफचे, काम नेमके उलटे. विरळ वायूच्या विसर्ग नळीत अणूंमधून इलेक्ट्रॉन निघून आयन तयार होतात. ते दोन बारीक फटींमधून सडपातळ झोतासारखे बाहेर येतात. झोतातल्या सगळ्या आयनांचा वेग सारखा नसतो, आणि पूर्वीच्या प्रयोगांत खरी अडचण हीच होती. ॲस्टन यांची युक्ती अशी: विद्युत क्षेत्राने झोत आधी एका बाजूला वळवायचा, म्हणजे मंद आयन जास्त आणि वेगवान कमी वळून झोत पसरेल, मग चुंबकीय क्षेत्राने उलट्या बाजूला असा वळवायचा की हा पसारा पुन्हा एकत्र यावा. भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर सारखे असलेले सगळे आयन, वेग कोणताही असो, फोटोग्राफीच्या काचेवर एकाच जागी पडतात. तिथे रेषा उमटते. प्रत्येक वस्तुमानाची रेषा वेगळी, त्यामुळे सरासरीचा प्रश्नच उरत नाही. याच तत्त्वावरच्या १९१९ च्या पहिल्या यंत्राने निऑनमध्ये २० आणि २२ अशा दोन जाती स्पष्ट दाखवल्या होत्या. २०.२ हे निऑनचे अडनिडे वजन एकाही अणूचे नसून मिश्रणाचे आहे, हे त्यामुळे उघड झाले. ॲस्टन यांना १९२२ चे नोबेल मिळाले.

१९२७ चे आकडे आले ते दुसऱ्या, सुधारलेल्या यंत्रातून. दहा हजारांत एक इतकी अचूकता त्याला आहे, असा ॲस्टन यांचा दावा होता. पण यंत्रातली क्षेत्रे स्वतंत्रपणे इतक्या बारकाईने मोजता येत नाहीत. म्हणून इथेही तुलनाच करावी लागते. दोन रेषा वस्तुमानाने एकमेकींपासून लांब असतील तर विद्युत क्षेत्राचा दाब ठराविक पटीत, समजा दोनास एक, बदलायचा आणि दुसरी रेषा पहिलीच्या जागी येते का ते पाहायचे. जितका फरक राहील तितका वस्तुमानांच्या गुणोत्तरातला फरक. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात सोळा पटींचे अंतर आहे. एका उडीत ते ओलांडता येत नाही. हायड्रोजनची तुलना हेलियमशी, हेलियमची ऑक्सिजनशी, अशी साखळी जोडावी लागली. हेलियम आला ४.००२१६. ही मधली कडी पुढे महत्त्वाची ठरते.

ऑक्सिजन एकच नव्हता

१९२९ मध्ये बर्कलीच्या विल्यम जियॉक आणि हेरिक जॉन्स्टन यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाकडे पाहताना एक गोष्ट ओळखली. हवेतला ऑक्सिजन सूर्यप्रकाश शोषतो तेव्हा गडद पट्ट्या दिसतात. त्या ठळक रेषांच्या आसपास काही फिकट रेषा होत्या आणि त्यांचा हिशेब लागत नव्हता. ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू १८ वस्तुमानाचा धरला की हिशेब लागत होता. लवकरच १७ वस्तुमानाचा ऑक्सिजनही सापडला.

हे दोन्ही समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) ॲस्टन यांच्या काचेवर आधी का ओळखले गेले नाहीत? कारण १७ आणि १८ या जागा रिकाम्या नसतातच. नळीत पाण्याचा अंश कितीही काढला तरी राहतोच, आणि पाण्याचा आयन बरोबर १८ वर रेषा उमटवतो, हायड्रॉक्सिल १७ वर. रेणूंचे आयन अणूंच्या रेषा झाकून टाकतात, ही मास स्पेक्ट्रोग्राफची जन्मजात अडचण आहे. हायड्रोजनच्या बाबतीत ती आणखी भोवली.

ऑक्सिजन मिश्रण निघाल्याबरोबर 'ऑक्सिजन बरोबर १६' या वाक्याचे दोन अर्थ झाले. रसायनशास्त्रज्ञ १६ म्हणत होते ते निसर्गातल्या मिश्रणाच्या सरासरीला. ॲस्टन १६ म्हणत होते ते फक्त हलक्या, सर्वांत विपुल ऑक्सिजन-१६ ला. मिश्रण किंचित जड. त्या वेळच्या अंदाजाने ऑक्सिजन-१६ ला १६ धरले तर मिश्रणाची सरासरी सुमारे १६.००३५, म्हणजे दोन प्रमाणांत दहा हजारांत २.२ चा फरक.

वेगळ्या लांबीच्या दोन गजांनी एकच कापड मोजले आणि दोघांचे माप तंतोतंत सारखे आले, तर आनंद मानायचा की काळजी करायची? रेमंड बर्ज आणि लिक वेधशाळेचे डोनाल्ड मेंझेल यांनी १९३१ च्या उन्हाळ्यात 'फिजिकल रिव्ह्यू'ला लिहिलेल्या छोट्या टिपणात काळजी केली. त्यांचा हिशेब चार ओळींचा आहे. रासायनिक १.००७७७ ला भौतिक, म्हणजे ॲस्टन यांच्या ऑक्सिजन-१६ च्या, प्रमाणावर आणायला १.०००२२ ने गुणा: १.००७९९. ॲस्टन यांचा आकडा १.००७७८. फरक ०.०००२१. म्हणजे बाटलीतला सरासरी हायड्रोजन ॲस्टन यांच्या एकट्या अणूपेक्षा जड आहे. हायड्रोजनमध्ये २ वस्तुमानाचा अणू सुमारे साडेचार हजारांत एक या प्रमाणात असेल तर हा फरक बरोबर भरून निघतो.

या तर्काची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही इथेच पाहावेत. फरक ०.०००२१. ॲस्टन यांची अचूकता त्यांच्याच शब्दांवर विश्वास ठेवला तरी दहा हजारांत एक, म्हणजे ०.०००१. शोधायची गोष्ट मोजणीच्या त्रुटीच्या जेमतेम दुप्पट. आजच्या काळात एखाद्या परीक्षकाने असा निबंध परत पाठवला असता तर त्याला दोष देता आला नसता.

काचेवरची फिकट रेषा

कोलंबिया विद्यापीठातल्या हॅरॉल्ड यूरी यांनी टिपण वाचले आणि ते कामाला लागले. साडेचार हजारांत एक हे प्रमाण खरे असेल तर मास स्पेक्ट्रोग्राफ निरुपयोगी होता. २ वस्तुमानाच्या जागी हायड्रोजनच्या रेणूचा आयन ठाण मांडून बसलेला, ३ च्या जागी तीन अणूंचा हायड्रोजन आयन. जे. जे. थॉमसन यांना ३ वरची ती रेषा कितीतरी आधी दिसली होती आणि तिचे कोडे बराच काळ रेंगाळले होते.

यूरी यांनी वस्तुमान मोजायचा वेगळाच रस्ता धरला. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन आणि केंद्रक दोघेही त्यांच्या समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. केंद्रक जड असेल तर ते कमी हलते आणि ऊर्जापातळ्या किंचित सरकतात. बोर यांच्या सिद्धांताने हे सरकणे आधीच काढता येते, कारण त्यात फक्त इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर लागते. हायड्रोजनच्या वर्णपटातली लाल रेषा ६५६३ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक). जड हायड्रोजनची तीच रेषा १.७९ अँगस्ट्रॉम कमी तरंगलांबीवर पडायला हवी, निळसर-हिरवी ४८६१ ची १.३२ ने. शोध घेण्यापूर्वी उत्तर कुठे असेल ते दोन दशांशांपर्यंत माहीत असणे, ही या रस्त्याची मोठी सोय. वस्तुमान इथे तरंगलांबीच्या फरकातून वाचले जाते. चुंबक नाही, तराजूही नाही.

जॉर्ज मर्फी यांच्यासह यूरी यांनी नेहमीच्या सिलिंडरमधला हायड्रोजन वापरून काचा घेतल्या. ठळक रेषांच्या शेजारी, अपेक्षित जागी, फिकट रेषा दिसल्या. पण विवर्तन जालकावर (बारीक समांतर रेघांनी प्रकाशाचा वर्णपट पसरवणाऱ्या पट्टीवर) रेघा कोरताना राहिलेल्या बारीक अनियमिततेमुळे ठळक रेषेच्या दोन्ही बाजूंना अशाच भासमान रेषा उमटतात. त्यांना वर्णपटतज्ज्ञांच्या बोलीत भुतेच म्हणतात. रेषा खरी असेल तर जड हायड्रोजनचे प्रमाण वाढवल्यावर ती ठळक झाली पाहिजे, भूत असेल तर होणार नाही. यूरी यांनी प्रसिद्धीची घाई न करता हा निकष लावायचे ठरवले.

प्रमाण वाढवायचे कसे? द्रव हायड्रोजन सावकाश उडू दिला तर हलके रेणू आधी जातील आणि तळाशी जड उरतील. यूरी यांच्या हिशेबाने हायड्रोजनच्या त्रिक बिंदूजवळ, म्हणजे १४ केल्विनच्या सुमारास, साध्या हायड्रोजनचा बाष्पदाब एक जड अणू असलेल्या रेणूच्या दुपटीहून जास्त होता. द्रव हायड्रोजन लिटरने तयार होणाऱ्या जागा तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फर्डिनंड ब्रिकवेडे यांच्याकडे ती सोय होती.

पहिला नमुना आला आणि काही दाखवेना. ब्रिकवेडे यांनी तो नेहमीच्या दाबाला, २० केल्विनला, उडवला होता. जड रेषा साध्या हायड्रोजनपेक्षा ठळक नव्हत्या. पुढच्या खेपेस चार लिटर द्रव १४ केल्विनजवळ, कमी दाबाला, जवळपास एक घनसेंटिमीटर उरेपर्यंत उडवला. या नमुन्यात रेषा सहा-सात पटींनी ठळक झाल्या. त्या नेमक्या हिशेबाच्या जागी होत्या, आणि साध्या हायड्रोजनची रेषा क्षणात उमटे तिथे या रेषेसाठी काच तासभर प्रकाशात ठेवावी लागे. नोव्हेंबर १९३१ च्या अखेरीस निकाल पक्का झाला. टिपण जानेवारी १९३२ मध्ये छापून आले, यूरी यांना १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि जड हायड्रोजनला ड्यूटेरियम हे नाव रूढ झाले.

पहिल्या नमुन्याचे अपयश दुर्लक्षित करू नये, कारण ते तापमानापुरते नव्हते. हायड्रोजन तयार होत होता पाण्याच्या विद्युत अपघटनाने. पुढे एडवर्ड वॉशबर्न आणि यूरी यांनी दाखवून दिले की अपघटनात हलका हायड्रोजन आधी सुटतो आणि जड पाण्यातच मागे राहतो. ब्रिकवेडे यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितले की पहिल्या नमुन्याआधी अपघटनाचे पात्र सुटे करून, स्वच्छ धुऊन नव्या द्रावणाने भरले होते. ताज्या पाण्यातून निघालेला सुरुवातीचा वायू जड हायड्रोजनला पारखा होता. बाष्पीभवनाने जे मिळवायचे ते अपघटनाने आधीच घालवले होते. त्यानंतरच्या नमुन्यांना त्याच पात्रात मुरलेले पाणी मिळाले.

एका मूलद्रव्याचे 'सरासरी वजन' नमुना कुठून आणि कसा आणला यावर अवलंबून असते, याचा हा फार लवकरचा आणि फार ठसठशीत पुरावा आहे. आज आंतरराष्ट्रीय कोष्टकात हायड्रोजनचा अणुभार एका आकड्याने नव्हे, तर १.००७८४ ते १.००८११ अशा पट्ट्याने देतात.

साखळीची कोणती कडी चुकली

आता प्रकरणाचा दुसरा भाग. तो पहिल्याइतका प्रसिद्ध नाही आणि माझ्या मते जास्त शिकवणारा आहे.

१९३२ मध्ये कॅव्हेंडिशमध्येच कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉनच्या माऱ्याने लिथियमचे केंद्रक फोडले. त्यातून हेलियमची दोन केंद्रके बाहेर पडतात आणि सुमारे १७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. ही ऊर्जा येते वस्तुमानातून. एक अणुवस्तुमान एकक म्हणजे सुमारे ९३१ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. बाहेर पडलेली केंद्रके हवेत किती अंतर जातात ते पाहून ऊर्जा कळते, आणि ऊर्जेवरून आधीच्या व नंतरच्या वस्तुमानांतला फरक. अचानक वस्तुमान पडताळण्याचा तिसरा रस्ता मिळाला, आणि तोही अशा जागी जिथे फरक थेट मोजला जातो.

अशा अभिक्रिया जसजशा वाढत गेल्या तसा त्यांचा हिशेब ॲस्टन यांच्या आकड्यांशी जुळेना. हलक्या केंद्रकांच्या अभिक्रिया एकमेकींशी व्यवस्थित जुळत. ऑक्सिजनपर्यंत पोचले की तूट दिसे. १९३५ मध्ये ऑलिफंट, केम्प्टन आणि रदरफर्ड यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत हान्स बेथे यांनी, बोट ठेवले ते हेलियम-ऑक्सिजन या कडीवर. (ऑलिफंट आणि रदरफर्ड काम करत होते ते कॅव्हेंडिशमध्येच. ॲस्टन यांच्या आकड्यांची तपासणी त्यांच्याच प्रयोगशाळेत झाली.)

आजच्या आकड्यांनी हे निदान तपासता येते. ॲस्टन यांच्या १९२७ च्या आकड्यांतून हेलियम भागिले हायड्रोजन ३.९७१३ येते, आजच्या आकड्यांतून ३.९७१५. फरक दहा हजारांत एकाहून कमी, म्हणजे दाव्याच्या आत. हेलियम भागिले ऑक्सिजन-१६ मात्र ॲस्टन यांचे ०.२५०१४ आणि आजचे ०.२५०२४. दहा हजारांत चाराहून जास्त. हायड्रोजनशी तुलना उत्तम होती, ऑक्सिजनशी जोडणी बिघडलेली होती, आणि तो बिघाड हायड्रोजनच्या आकड्यात जसाच्या तसा उतरला.

दुरुस्त आकडा १.००८१ च्या आसपास आला. तो घेऊन बर्ज आणि मेंझेल यांचा हिशेब पुन्हा मांडा. रासायनिक आकडा भौतिक प्रमाणावर १.००७९९ आणि एकट्या अणूचा १.००८१. म्हणजे मिश्रण त्यातल्या मुख्य अणूपेक्षा हलके! जड समस्थानिक सोडाच, या हिशेबाने कोणी एकाहून हलका हायड्रोजन शोधायला गेला असता. यूरी यांचे नोबेल व्याख्यान फेब्रुवारी १९३५ मधले. ते छापताना त्यांनी पुरवणी जोडून ही गोष्ट मान्य केली: ज्या भाकितामुळे त्यांनी शोध सुरू केला ते चुकीच्या आकड्यावर उभे होते, आणि ती चूक नसती तर शोध बहुधा लांबला असता.

रासायनिक आकडाही निर्दोष नव्हता, हे सहसा सांगितले जात नाही. आजची मूल्ये त्याच जुन्या प्रमाणांवर मांडली तर साधा मिश्र हायड्रोजन रासायनिक प्रमाणावर १.००८०२ यायला हवा. म्हणजे १.००७७७ दहा हजारांत अडीचने कमी. दोन प्रमाणांतला खरा फरकही २.२ नसून २.७५. सगळे दुरुस्त करून गुणाकार केला तर मिश्रण १.००८३०, एकटा अणू १.००८१४, फरक ०.०००१६, आणि जड हायड्रोजन सुमारे सहा हजारांत एक. निसर्गातले प्रमाण तेवढेच आहे; समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ६४०० अणूंत एक पडते. १९३१ चे साडेचार हजार हे उत्तर तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींत बऱ्याचशा विरून गेल्यामुळे इतके जवळ आले. भाकीत खरे ठरले म्हणून आधार खरा होता असे समजायचे कारण नाही. आणि आधार डळमळीत होता म्हणून यूरी यांच्या काचेवरच्या रेषेचे महत्त्व कमी होत नाही, कारण ती रेषा या आकड्यांपैकी एकावरही अवलंबून नव्हती.

तीन जोड्या

ॲस्टन यांनी टीका कशी घेतली याचे उत्तर त्यांच्या पुढच्या कामात आहे. त्यांनी साखळीच सोडून दिली. लांबच्या उड्यांमध्ये चूक साठत असेल तर उड्या मारायच्याच नाहीत. काचेवर जवळपास एकाच जागी पडणाऱ्या दोन रेषा घ्यायच्या आणि त्यांच्यातले बारीक अंतर मोजायचे. या जोड-रेषांच्या पद्धतीत आधी त्रास देणारे रेणूंचे आयन कामाला लागले. ऑक्सिजनचा अणू आणि मिथेनचा रेणू दोघेही १६ च्या जागी पडतात, पण मिथेन ०.०३६ ने जड. हे ०.०३६ तुम्ही शंभरात एक इतक्या ढोबळपणे मोजले तरी १६ मध्ये चूक होते ०.०००३६ ची, म्हणजे चाळीस हजारांत एकाहून कमी. क्षेत्र किती, चुंबक किती, वेग किती, यातले काहीच नेमके माहीत असावे लागत नाही.

१९३६ मध्ये त्यांनी तीन जोड्या दिल्या. हजारांश एककात पाहा: हायड्रोजनचा रेणू ड्यूटेरियमच्या अणूपेक्षा १.५२ ने जड. ड्यूटेरियमचे तीन अणू मिळून, दोनदा भारित कार्बनच्या ६ या जागी, ४२.३६ ने जड. मिथेन ऑक्सिजनपेक्षा ३६.०१ ने जड. तीन समीकरणे, तीन अज्ञाते: हायड्रोजन, ड्यूटेरियम, कार्बन. कागदावर सोडवून पाहा. पहिल्या जोडीची सहापट, दुसरीची दुप्पट आणि तिसरी यांची बेरीज १२९.८५. तिला १६ ने भागले की ८.१२. म्हणजे हायड्रोजन १.००८१२. आजचा आकडा त्याच प्रमाणावर १.००८१४.

यातल्या तीनपैकी दोन जोड्यांत ड्यूटेरियम आहे. चुकीच्या आकड्यामुळे शोधला गेलेला अणूच तो आकडा दुरुस्त करायचे साधन झाला. हायड्रोजन ते ऑक्सिजन हा सोळा पटींचा पल्ला ड्यूटेरियमने दोन छोट्या पायऱ्यांवर आणला, आणि हेलियमची गरज संपली.

दोन प्रमाणांचा घोळ आणखी पंचवीस वर्षे चालला. रसायनशास्त्रज्ञ मिश्रण सोडायला तयार नव्हते, कारण त्यांचे सगळे अणुभार बदलले असते. भौतिकशास्त्रज्ञांना मिश्रण मान्य होणे शक्यच नव्हते. १९६१ मध्ये दोघांनी ऑक्सिजन बाजूला ठेवून कार्बन-१२ बरोबर १२ हे प्रमाण स्वीकारले. त्यामुळे रासायनिक आकडे लाखात चारच्या आसपास हलले, आणि इतके चालवून घेण्यासारखे होते.

आज फोटोग्राफीची काच गेली. एकच आयन पेनिंग सापळ्यात (आयनाला क्षेत्रांनी एका जागी धरून ठेवणाऱ्या यंत्रात), प्रबळ चुंबकीय क्षेत्रात, फिरत ठेवतात आणि तो सेकंदाला किती फेऱ्या मारतो ते मोजतात. त्याच क्षेत्रात कार्बनच्या आयनाच्या फेऱ्या मोजल्या की वारंवारतांचे उलटे गुणोत्तर हेच वस्तुमानांचे गुणोत्तर, भारांचा हिशेब धरून. वारंवारता ही भौतिकशास्त्रात सर्वांत बारकाईने मोजता येणारी राशी असल्याने अचूकता दहा हजारांत एकवरून अब्जांत एकवर, आणि पुढे शंभर अब्जांत एकवर गेली. प्रत्येक पायरीला जुन्या आकड्यांशी वाद झाले. २०१७ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ आणि हायडेलबर्गच्या गटाने प्रोटॉनचे वस्तुमान मोजले ते तेव्हाच्या स्वीकृत मूल्यापेक्षा तीन प्रमाण विचलनांनी (मोजणीतली अनिश्चितता सांगण्याचे माप) कमी निघाले. २०२० मध्ये ड्यूटेरियमच्या केंद्रकाचे वस्तुमान निघाले २.०१३५५३२१२५३५, आणि तेही जुन्या मूल्यापासून ४.८ प्रमाण विचलने दूर. तुलनेसाठी त्यांनी सहाही इलेक्ट्रॉन काढलेला कार्बन निवडला होता. त्याचे भारामागे वस्तुमान जवळजवळ २ पडते, ड्यूटेरियमच्या अगदी शेजारी.

या वेळी जुळणी तपासायची वेगळी तजवीज त्याच प्रयोगात केली होती. एक प्रोटॉन, एक ड्यूटेरियम केंद्रक आणि एक इलेक्ट्रॉन असलेला रेणू-आयन त्याच सापळ्यात घालून त्याचे वस्तुमान थेट मोजले. मग सुट्या भागांची बेरीज करून बंधन-ऊर्जा वजा केली, आणि दोन्ही आकडे त्रुटीच्या मर्यादेत एकच निघाले. दोन्ही एकाच प्रमाणावर होते, कार्बन-१२ च्या.